गालीलच्या उशाशी एक दलदल होती

शुभवर्तमानातील ‘गालीलचा समुद्र’ हा समुद्र नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांना धर्मशिक्षणाच्या वर्गातच कळलेले असते. ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे. त्याची लांबी सुमारे २१ किलोमीटर, रुंदी १२-१३ किलोमीटर आणि सर्वांत खोल जागी पाणी चाळीस मीटरांच्या वर. समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली असलेल्या या सरोवराइतक्या सखल जागी वसलेले गोड्या पाण्याचे दुसरे सरोवर पृथ्वीच्या पाठीवर नाही. संत लूकने त्याला गनेसरेत म्हटले, संत योहानने तिबिर्याचा समुद्र म्हटले. आजचे इस्राएली लोक त्याला किन्नेरेत म्हणतात. शिमोन आणि आंद्रिया याच पाण्यात जाळी टाकत होते, याकोब आणि योहान याच्याच काठी बापाबरोबर जाळी नीट करीत बसले होते. प्रभूने आपले पहिले सोबती मासे मारणाऱ्यांमधून निवडले. त्यामुळे जगातील दुसऱ्या कोणत्याही सरोवरापेक्षा येथील मासेमारीविषयी ख्रिस्ती माणसाच्या मनात अधिक जिव्हाळा असतो. पवित्र भूमीची यात्रा करून आलेली मंडळी तेथील होडीतल्या फेरीची आणि ताटात आलेल्या ‘सेंट पीटर्स फिश’ची आठवण हटकून सांगतात.

त्या ताटातल्या माशाची हकीकत मात्र नुसत्या काठावरून सांगून भागत नाही. ती वरून, यार्देन नदीच्या उगमाकडून सांगावी लागते. हर्मोन पर्वतावरच्या बर्फाचे पाणी पोटात घेऊन दान, बनियास आणि हसबानी असे तीन प्रवाह खाली येतात व एकत्र होऊन यार्देन नदी बनते. गालीलच्या सरोवरात शिरण्यापूर्वी ही नदी पूर्वी आणखी एका सरोवरातून जात असे. त्याचे नाव हुला. गालीलच्या उत्तरेस पंधरा-सोळा किलोमीटरवर, समुद्रसपाटीच्या सुमारे ७० मीटर वर, डोंगरांमधल्या एका लांबट खोऱ्यात ते पसरलेले होते. शुभवर्तमानात त्याचा उल्लेख नाही. यहुदी इतिहासकार जोसेफस त्याला ‘सेमेखोनितिस’ म्हणतो. यहोशवाच्या ग्रंथातील ‘मेरोमचे पाणी’ ते हेच, असे जुने भाष्यकार मानीत. आजच्या संशोधकांना त्याची खात्री वाटत नाही. आज नकाशात ते सरोवर शोधायला गेल्यास सापडणार नाही. १९५१ ते १९५८ या सात वर्षांत ते माणसांनी काढून टाकले.

फार पूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे काळे खडक खोऱ्याच्या दक्षिण तोंडाशी साचले आणि नदीला अटकाव झाला. मागे जे पाणी तुंबले ते हुला. सरोवर तसे लहानच, बारा-चौदा चौरस किलोमीटरचे, आणि अतिशय उथळ. उन्हाळ्यात माणूस उभा राहील एवढे पाणी, हिवाळ्यात त्याच्या दुप्पट. परंतु त्याच्या उत्तरेला सरोवराहून कितीतरी मोठी दलदल होती आणि त्या दलदलीत पपायरसचे रान माजलेले होते. ज्या लव्हाळ्यापासून प्राचीन मिसरी लोक लिहिण्याचे कागद करीत, तेच हे. जगात इतक्या उत्तरेला पपायरस फारच थोड्या ठिकाणी उगवतो. जॉन मॅकग्रेगर नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने १८६९ च्या सुमारास आपली ‘रॉब रॉय’ नावाची चिमुकली होडी या पाण्यात घातली आणि पपायरसच्या भिंतीतून यार्देनची वाट शोधण्याचा प्रयत्न केला. या दलदलीचे पहिले सविस्तर वर्णन युरोपला त्याच्याकडून मिळाले. मध्येच स्थानिक अरबांनी त्याला होडीसकट पकडून नेले होते, तो प्रसंगही त्याने मोठ्या खुमारीने लिहून ठेवला आहे.

हे स्थानिक अरब घवार्ना या नावाने ओळखले जात. ते म्हशी पाळीत, मासे धरीत, पपायरसच्या चटया विणीत आणि त्याच चटयांच्या झोपड्यांत राहत. त्यांचे जीवन सुखाचे होते असे समजण्याचे कारण नाही. हिवतापाने त्यांची लेकरे जात. १८८३ मध्ये येथे येसुद हमाला ही पहिली यहुदी वसाहत उभी राहिली. त्या वसाहतकऱ्यांनाही हिवतापाने सोडले नाही. ज्यांनी पुढे ही दलदल आटवण्याचे स्वप्न पाहिले, त्यांच्या डोळ्यांपुढे अशी माणसे होती, हे विसरून चालणार नाही. आज मागे वळून त्यांना दोष देणे सोपे आहे. दलदल म्हणजे रोगराई आणि वाया गेलेली जमीन, ही समजूत त्या काळी सगळ्या जगाची होती. आपल्या वसईत तरी काय वेगळे आहे? पावसाचे पाणी साठवून वाड्यांना पुरवणारी आपली बावखले एकामागून एक भरावाखाली गेली, ती ‘पडीक खड्डा’ म्हणूनच.

परंतु ही दलदल पडीक नव्हती. ती काम करीत होती, आणि तिच्या कामाचा लाभ खालच्या सरोवराला मिळत होता. पावसाळ्यात डोंगरउतारावरून गढूळ पाणी धावत येई, ते या सपाट जागी येऊन मंदावे. पपायरसच्या दाट मुळांत गाळ अडकून राही. पाण्यातून आलेले नत्र वनस्पती शोषून घेत. त्या वनस्पती मेल्या की पाण्याखाली, हवेपासून दूर, त्यांचा चोथा अर्धवट कुजून थरावर थर बसत जाई. या काळ्या मातीला पीट म्हणतात. हजारो वर्षांचे नत्र आणि कर्ब त्या पीटमध्ये बंदिस्त होऊन पडले होते. गाळून निघालेले पाणी दक्षिणेच्या खडकाळ घळीतून सुमारे २८० मीटर खाली उतरे आणि कफर्णहूमच्या पूर्वेस सरोवराला मिळे. या सेवेबद्दल कोणी कोणाला पैसे देत नव्हते. त्यामुळे ती कोणाच्या हिशेबातही नव्हती.

आता खालच्या सरोवराकडे येऊ. येथील मासेमारी किती जुनी आणि किती मोठी होती याची एक खूण म्हणजे मग्दाला. मरिया मग्दालियेचे हे गाव ग्रीक लोकांमध्ये तारिखेआ या नावाने ओळखले जाई, आणि त्या नावाचा संबंध मासे खारवण्याशी आहे. म्हणजे आपल्याकडे जसे एखादे गाव सुक्या मासळीच्या बाजारावरून ओळखले जाते, तसेच.

या सरोवराच्या जाळ्यांविषयी आपल्याला जे कळते, त्याचे मोठे श्रेय मेंडेल नून (१९१८-२०१०) या माणसाला आहे. पूर्व किनाऱ्यावरील एन गेव्ह या किबुत्झमध्ये त्यांनी अनेक वर्षे स्वतः मासेमारी केली, आणि पाणी खाली गेले की उघड्या पडणाऱ्या काठावर हिंडून प्राचीन बंदरे, दगडी नांगर व जाळ्यांची वजने धुंडाळली. कोळ्याच्या डोळ्यांनी शुभवर्तमान वाचणारा हा यहुदी अभ्यासक आपल्याला अनेक गोष्टी सहज उलगडून दाखवतो. नव्या करारात तीन प्रकारची जाळी दिसतात. एक रापणीसारखे लांबलचक ओढजाळे. दुसरा एकट्याने फेकण्याचा पाग. आणि तिसरे तीन पदरांचे उभे जाळे, जे रात्रीच लावावे लागे, कारण दिवसाउजेडी सुताचे धागे माशांना दिसत. पेत्र व त्याचे सोबती रात्रभर राबून रिकाम्या हाताने परतले आणि सकाळी जाळी धूत बसले होते, ते या तिसऱ्या प्रकारच्या जाळ्यांचे काम असावे. दिवसा पुन्हा जाळे टाकण्यास पेत्र का कचरला, हे यावरून ध्यानात येते. संत मत्तयच्या शुभवर्तमानात ओढजाळ्याचा दाखला आहे. काठावर बसून चांगले मासे टोपलीत भरायचे आणि वाईट फेकून द्यायचे, असे त्यात सांगितले आहे. या सरोवरात मांगूर जातीचा मोठा मासा भरपूर सापडतो, पण त्याला खवले नसल्यामुळे मोशेच्या नियमाप्रमाणे तो यहुद्यांना निषिद्ध. फेकून दिले जात ते बहुधा हेच.

सरोवरातला मानाचा मासा म्हणजे मुश्त. अरबी भाषेत मुश्त म्हणजे फणी. पाठीवरच्या कंगव्यासारख्या परावरून हे नाव पडले. हा तिलापियाचा भाऊबंद. याची वीण मोठी नवलाची. मादीने घातलेली अंडी आई आणि बाप दोघेही तोंडात धरून ठेवतात आणि पिल्ले तोंडातच जपतात. यात्रेकरूंना ‘संत पेत्राचा मासा’ म्हणून वाढतात तो हाच. पण येथे एक गंमत आहे. मंदिराचा कर भरण्यासाठी पेत्राने गळ टाकून जो मासा धरला व ज्याच्या तोंडात नाणे निघाले, तो मुश्त असण्याचा संभव फार कमी. मुश्त पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. गळाच्या आमिषाकडे तो सहसा वळत नाही. तो मासा बार्बेल जातीचा, मिशा असलेला, असावा असे नून यांचे म्हणणे. मुश्तचे रूप देखणे आणि काटे कमी, म्हणून नाव त्याच्याकडे आले असावे.

या मुश्तचे पोट ज्याच्यावर चाले, ते पाहिल्याशिवाय पुढची हकीकत समजणार नाही. दर वसंतात या सरोवरात पेरिडिनियम नावाचे सूक्ष्म शैवल बहरून येत असे आणि पाण्यावर तपकिरी झाक पसरे. मुश्तला मेजवानी असे ती हीच. दुसरा मासा लव्नुन, ज्याला किन्नेरेतची सार्डीन म्हणतात. बोटभर लांबीचा हा मासा पाण्यातले सूक्ष्म प्राणी खातो. विसाव्या शतकात तो वर्षाला हजार टनांच्या घरात निघे आणि डबाबंद करून विकला जाई. याखेरीज सरकारने समुद्रमुखातून बोईची पिल्ले आणून सरोवरात सोडण्याचा परिपाठ ठेवला. बोय येथे वाढते पण वीत नाही. असा हा सारा संसार वरून येणाऱ्या पाण्यावर आणि त्या पाण्यातल्या क्षारांच्या प्रमाणावर बेतलेला होता.

हुला आटवण्याची कल्पना तुर्की अमलातच निघाली होती. १९१४ मध्ये बैरूतच्या व्यापाऱ्यांना तसा मक्ता मिळाला. त्यांच्या हातून काही झाले नाही आणि १९३४ मध्ये तो पॅलेस्टाइन लँड डेव्हलपमेंट कंपनी या यहुदी कंपनीकडे गेला. १९४८ च्या युद्धात खोऱ्यातली अरब गावे रिकामी झाली. दलदलीवर जगणारे घवार्ना त्यात विखुरले गेले आणि ज्यांना त्या पाण्याची नस माहीत होती ती माणसे तेथे उरली नाहीत. पुढे शास्त्रज्ञांनी लिहिलेल्या ग्रंथांत माशांच्या व पक्ष्यांच्या नष्ट झालेल्या जातींची मोजदाद आहे. या माणसांना मात्र त्यांत फारच थोडी जागा मिळाली आहे.

१९५१ मध्ये प्रत्यक्ष काम सुरू होताच सीरियाशी तंटा उभा राहिला, कारण खोऱ्याचा काही भाग दोन्ही देशांमधल्या लष्करमुक्त पट्ट्यात येत होता. गोळीबार झाला. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत गेले व १८ मे १९५१ च्या ठरावाने त्या पट्ट्यातले काम थांबवण्यास सांगण्यात आले. तरीही पुढे मार्ग निघाला. दक्षिणेचे नदीपात्र खोल केले, खोऱ्यात कालवे खणले, आणि १९५८ पर्यंत हुलाचे पाणी वाहून गेले. सुमारे साठ चौरस किलोमीटर जमीन मोकळी झाली. नव्या राष्ट्राला तो मोठा विजय वाटला. विशेष म्हणजे तोवर डीडीटीच्या फवारणीने हिवताप जवळजवळ आटोक्यात आलेला होता. दलदल आटवण्याचे सर्वांत सबळ कारण काम पूर्ण होण्याआधीच निकालात निघाले होते.

काही प्राणिशास्त्रज्ञांनी विरोध केला होता. त्यांच्या धडपडीतून १९५३ मध्ये इस्राएलची निसर्गरक्षण संस्था जन्माला आली. संपूर्ण खोरे त्यांना वाचवता आले नाही. तीन-साडेतीन चौरस किलोमीटरचा एक तुकडा मात्र राखून ठेवला गेला आणि १९६४ मध्ये तो त्या देशाचे पहिले राखीव निसर्गक्षेत्र म्हणून जाहीर झाला.

मोकळ्या झालेल्या जमिनीने फार दिवस साथ दिली नाही. पीट पाण्याखाली होते तोवर निजलेले होते. हवा लागताच ते कुजू लागले. जमीन खचू लागली, काही ठिकाणी वर्षाला दहा सेंटीमीटरच्या आसपास. कोरडी काळी भुकटी वाऱ्याबरोबर उडू लागली. जमिनीखाली आगी लागत आणि त्या धुमसत राहत, विझवता येत नसत. शेत-उंदरांनी उच्छाद मांडला. शेतकऱ्यांनी काही भाग अखेर कसायचे सोडून दिले. आणि कुजणाऱ्या पीटमधून मोकळे झालेले नायट्रेट हिवाळ्याच्या पावसाबरोबर यार्देनमध्ये आणि यार्देनमधून गालीलमध्ये उतरू लागले. जी दलदल नत्र अडवीत होती, तीच आता ते सोडू लागली. त्यात खोऱ्यात नव्याने खणलेल्या मत्स्यतलावांचे, गोठ्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी मिसळले.

प्राण्यांचे काय झाले, याची मोजदाद १९९२ मध्ये एका ग्रंथात प्रसिद्ध झाली. हुलाच्या परिसरातून ११९ जाती नाहीशा झाल्या होत्या; त्यांतील ३७ साऱ्या इस्राएलमधून गेल्या. हुलामध्येच सापडणारा, गालीलच्या लव्नुनचा चुलतभाऊ म्हणावा असा एक मासा १९७५ नंतर कोणी पाहिला नाही. तो जगातूनच गेला.

गालीलवर मात्र तेवढाच एक आघात झाला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९३२ मध्येच दक्षिण टोकाला देगानिया येथे बंधारा घालून सरोवराचे पाणी वीजनिर्मितीसाठी अडवण्यात आले होते. १९६४ मध्ये देशभर पाणी नेणारी राष्ट्रीय जलवाहिनी सुरू झाली, आणि संत पेत्राचे सरोवर एका देशाची पाण्याची टाकी झाले. त्याच वर्षीच्या जानेवारीत पोप सहावे पॉल यांनी ताबघा व कफर्णहूम येथे येऊन प्रार्थना केली होती. ताबघाच्या काठाला खारे, कोमट झरे आहेत. हिवाळ्यात मुश्तचे थवे उबेसाठी तेथे गोळा होत, आणि म्हणून तो भाग कोळ्यांचा आवडता. पिण्याचे पाणी खारट होऊ नये यासाठी साठच्या दशकात सरोवराकाठचे असे झरे वेगळ्या कालव्यात घेऊन सरोवराला वळसा घालून खाली सोडण्यात आले. पाणी खरोखरच गोडे झाले. एकीकडे सोय झाली की दुसरीकडे कोणाची तरी गैरसोय होते, त्याचा हा नमुना.

पाण्याची पातळी पूर्वी वर्षभरात दीड मीटरच्या आसपास खालीवर होई. आता उपसा आणि अवर्षण एकत्र आले की ती त्याहून पुष्कळ खाली जाऊ लागली. नोव्हेंबर २००१ मध्ये ती समुद्रसपाटीखाली २१४.८७ मीटर इतकी नीचांकी झाली. काठावरची लव्हाळ्याची, चिखलाची उथळ जागा, जेथे मासे वीत, ती कोरडी पडली. उत्तर काठच्या अशा पाणथळीत विणारी, याच सरोवरात सापडणारी मुश्तच्या कुळातली एक जात १९९० नंतर दिसलेली नाही. आणि याच ओसरत्या पाण्याने एक देणगीही दिली. जानेवारी १९८६ मध्ये अवर्षणाने उघड्या पडलेल्या चिखलात गिनोसार किबुत्झच्या दोघा कोळी भावांना एका होडीची कड दिसली. आठ मीटरांहून थोडी लांब आणि सव्वादोन मीटर रुंद अशी ती होडी पहिल्या शतकातली निघाली. दहाहून अधिक प्रकारच्या लाकडांचे तुकडे जोडून, ठिगळे लावून ती चालवली होती. मालक गरीब असावा. पेत्राची होडी म्हणून तिचा बोलबाला झाला, त्याला आधार काही नाही. पण पेत्राची होडी बहुधा अशीच असेल.

१९९४ मध्ये सरोवरात एक नवे लक्षण दिसले. हवेतले नत्र स्वतः ओढून घेणारे एक निळे-हिरवे शैवल तेथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर फुलून आले. १९९६ पासून पेरिडिनियमचा वसंतातला बहर अनियमित झाला. कधी येई, कधी येईचना. याचे कारण कोणते, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. काहींच्या मते सारा खेळ नत्र आणि फॉस्फरस यांच्या प्रमाणाचा. हुला आटवल्यावर नत्र वाढले. पुढे सांडपाणी वळवले, मत्स्यतलाव कमी केले, तेव्हा नत्र घटले आणि फॉस्फरसचे पारडे जड झाले. अशा वेळी हवेतून नत्र मिळवणाऱ्या शैवलाचे फावते. म्हणजे आधीची चूक आणि नंतरची दुरुस्ती, दोन्हींनी मिळून घडी विस्कटली. इतर काही जण पातळीतल्या चढउतारांकडे बोट दाखवतात. खरी अडचण ही की सरोवराची नियमित तपासणी करणारी प्रयोगशाळा १९६८ मध्ये उभी राहिली. दलदल तर दहा वर्षे आधीच गेलेली होती. निरोगी असताना रोग्याची नाडी कोणी पाहून ठेवलीच नव्हती.

मासेमारीत त्याचे पडसाद उमटले. नव्वदच्या दशकात लव्नुनची मागणी ओसरली. बारीक लव्नुन सूक्ष्म प्राण्यांना खाऊन टाकतो व त्यामुळे शैवल माजते, या समजुतीने सरकारने कोळ्यांना पैसे देऊन तो काढून टाकण्याचाही प्रयोग केला. मुश्त एके काळी वर्षाला सरासरी तीनशे टनांच्या आसपास मिळे. २००८-०९ च्या सुमारास तो दहा टनांच्याही आत आला. २०१० मध्ये सरकारने दोन वर्षे मासेमारी बंद ठेवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कोळ्यांनी कडाडून विरोध केला. ते म्हणाले, दोष आमच्या जाळ्यांचा नाही, पाणकावळ्यांचा आहे. वरच्या मत्स्यतलावांवर पोसलेले हजारो पाणकावळे आमचा मासा फस्त करतात. त्यात तथ्य नव्हते असे नाही. बारीक आसांची जाळी आणि चोरटी मासेमारी हेही खरे होते. शिवाय २००९ च्या सुमारास तेथील तिलापिया-कुळातले मासे एका अनोळखी रोगाने मरत असल्याचे दिसून आले. २०१४ मध्ये त्यामागचा विषाणू ओळखला गेला आणि आज तो जगभरच्या तिलापिया-पालकांची डोकेदुखी होऊन बसला आहे. एवढ्या कारणांच्या गुंत्यातून हुलाचा वाटा नेमका किती, हे तराजूत घालून सांगता येणार नाही. परंतु ज्या सरोवराच्या उशाशी गाळणी शाबूत असते, त्याला असे धक्के पचवायला थोडी अधिक ताकद असते, एवढे म्हणता येईल.

हुलाच्या शेतकऱ्यांनी आणि सरकारने पुढे आपला निर्णय अंशतः मागे घेतला, ही गोष्ट त्यांच्या मोठेपणाची म्हणावी लागेल. खचलेल्या जमिनीचा एक तुकडा, सुमारे एक चौरस किलोमीटर, १९९४ मध्ये पुन्हा पाण्याखाली घालण्यात आला. त्याला ‘अगमोन’, म्हणजे छोटे तळे, असे नाव मिळाले. भोवतालच्या पीटमध्ये ओल टिकावी म्हणून भूजल वर आणले गेले आणि पीटमधून झिरपणारे पाणी गालीलमध्ये जाऊ नये अशी व्यवस्था झाली. युरोप आणि आफ्रिका यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या पक्ष्यांनी ते तळे लगेच ओळखले. हजारो क्रौंच तेथे हिवाळा काढू लागले. शेतातले दाणे त्यांनी खाऊ नयेत म्हणून त्यांना मका टाकण्याची पद्धत पडली. एके ठिकाणी इतकी गर्दी जमल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये पक्ष्यांच्या तापाची साथ आली आणि पाच हजारांहून अधिक क्रौंच मेले. मोडलेली घडी पुन्हा बसवणे हे असे अवघड असते.

एक बातमी मात्र कोणाच्याच अपेक्षेत नव्हती. हुलाच्या दलदलीत एक ठिपकेदार बेडूक सापडे. त्याची नोंद १९४३ मध्ये झाली, आणि १९५५ नंतर तो कोणाला दिसला नव्हता. १९९६ मध्ये जगाच्या नामशेष प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव घातले गेले. २०११ च्या नोव्हेंबरात राखीव तुकड्यात गस्त घालणाऱ्या एका रक्षकापुढे तो उडी मारून आला. पुढे अभ्यासाअंती कळले की, ज्या कुळाचे फक्त जीवाश्मच उरले आहेत असे मानले जात होते, त्या कुळाचा तो शेवटचा जिवंत वारस आहे. शास्त्रज्ञांनी हट्टाने राखून ठेवलेल्या त्या तीन चौरस किलोमीटरांत तो छप्पन्न वर्षे निमूट राहत होता.

गालीलच्या पाण्यावरचा भारही अलीकडे हलका झाला आहे. इस्राएल आता पिण्याचे बरेचसे पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळवतो आणि असे पाणी उलट गालीलकडे नेण्याची योजना २०१८ मध्ये मंजूर झाली. २०२० च्या वसंतात सरोवर जवळपास काठोकाठ भरले होते. काठावरच्या खाणावळींत संत पेत्राचा मासा अजूनही मिळतो, पण तो बहुतेक वेळा तलावात पोसलेला तिलापिया असतो. ताबघाच्या चर्चमध्ये वेदीपुढे पाचव्या शतकातले एक चित्र रंगीत दगडांनी जडवलेले आहे: भाकरींची टोपली आणि तिच्या दोन बाजूंना दोन मासे. बाजूच्या जमिनीवर कमळे, लव्हाळे आणि पाणपक्षी आहेत, अगदी दलदलीचे चित्र. जाणकार सांगतात की त्या दोन माशांच्या पाठीवर दोन-दोन पर दाखवले आहेत आणि सरोवरातल्या माशांना एकच असतो. कारागिराने गालीलचा मासा पाहिलेला नसावा. ताबघाला येणारे यात्रेकरू त्या माशांपुढे गुडघे टेकतात आणि मग जेवायला जातात.